एकाला दिलेला हुकूम

सार्जंट झेबेदायो न्दाहानी रोज पहाटे साडेचारला स्वतःला उठवत असे. गजर त्याने कधी लावला नाही. डोळे उघडले की छताच्या पत्र्याकडे बघत तो मनात म्हणे, "न्दाहानी, ऊठ." मग दुसरा हुकूम, "उजवा पाय खाली." मग तिसरा, "डावा." पूर्वी हे तिन्ही हुकूम एका दमात पार पडत. गेल्या दोन वर्षांत दुसऱ्या आणि तिसऱ्या हुकमाच्या मध्ये बराच वेळ जाऊ लागला होता, कारण डावा गुडघा ऐकत नव्हता.

"आज काय म्हणतोय तुमचा शिपाई?" दोरिका, त्याची बायको, पाठ न वळवताच विचारी. गुडघ्याला ती शिपाई म्हणायची.

"कुरकुरतोय."

"मग द्या की शिक्षा. पन्नास जोर मारायला लावा."

तो हसत नसे. हसायलाही थोडी ताकद लागते आणि ती त्याला दिवसभर पुरवायची असे. भिंतीला हात लावून तो उभा राही, लवचीक पट्टी गुडघ्याभोवती घट्ट गुंडाळी, वर इस्त्रीची विजार चढवी. घराबाहेर पहिलं पाऊल टाकताना लंगडणं बंद व्हायला हवं, हा चौथा हुकूम. तोही पाळला जाई. त्याची काय किंमत पडते हे फक्त दोरिकाला माहीत होतं.

दोदोमा शहराच्या पश्चिमेला, लाल माती आणि काटेरी झुडपांच्या माळावर राष्ट्रसेवेचा तो कॅम्प होता. न्दाहानी तिथे एकोणिसाव्या वर्षी आला, तो गुरं राखणारा गोगो जमातीचा पोरगा म्हणून. आता पन्नाशीत होता आणि चोविसावी तुकडी शिकवत होता. डिसेंबरात तुकडीची शेवटची परेड होती, त्याच महिन्यात त्याची नोकरीही संपत होती. चोविसावी तुकडी मैदानात उभी करायची, शेवटची सलामी द्यायची आणि आपल्या पायांनी फाटकाबाहेर पडायचं. एवढंच त्याला हवं होतं.

आडवी येत होती ती एक चिठ्ठी. एप्रिलमध्ये जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरने गुडघा दाबून पाहिला होता आणि लिहून दिलं होतं, की याने धावायचं नाही, चढायचं नाही, लांब चालायचं नाही. "ही चिठ्ठी तुमच्या मेजरना दाखवा," असंही तो म्हणाला होता. न्दाहानीने तिची चार पदरी घडी केली आणि बुटांच्या पॉलिशच्या पेटीत, ब्रशांच्या खाली ठेवली. त्या पेटीला दुसरं कुणी हात लावत नसे. यात कुणाचं नुकसान नाही, असं त्याने स्वतःला सांगितलं होतं. पहाटेची धाव मात्र सुटली. धावताना कुरुतांच्या, म्हणजे नव्या भरतीच्या पोरापोरींच्या, बाजूने पळत गाणी सांगायचं काम वीस वर्षं त्याचं होतं. ते त्याने कॉर्पोरल लुहेंदेवर सोपवलं. कारण दिलं, घसा बसलाय. सहा महिने घसा बसलेला असतो का, हे कुणी विचारलं नाही. अफांडेंना प्रश्न विचारण्याची पद्धत नव्हती.

अफांडे म्हणजे वरचा माणूस, हुकूम देणारा. आणि न्दाहानीचा हुकूम कॅम्पभर प्रसिद्ध होता, तो चुकीचा असल्यामुळे. रांग लावायला बाकीचे अफांडे ओरडत, "जिपांगेनी!" म्हणजे आपापली रांग लावा. न्दाहानी ओरडे, "जिपांगे!" म्हणजे तुझी तू रांग लाव. समोर सव्वाशे माणसं आणि हुकूम एकवचनी. बाकीचे म्हणत, गोगो माणूस, स्वाहिली मोठेपणी शिकला, जीभ वळत नाही त्याला काय करणार.

किनाऱ्यावरून आलेल्या कुरुतांना तर हा विनोद वर्षभर पुरे. या तुकडीत पांगानीची सिकुधानी होती. कोळ्याची मुलगी, उंच, डोकं सगळ्यांसारखं भादरलेलं, आवाज मात्र कुणालाही भादरता न येणारा. दुसऱ्याच आठवड्यात मक्याच्या पिठाच्या उगालीच्या रांगेत ताट हातात घेऊन ती त्याची नक्कल करत होती.

"जिपांगे! अरे पण कुणाला? मला? की माझ्या मागच्याला? एवढी जत्रा जमलीय आणि हाक एकाला!"

पुढची पोरं हसायची एकदम थांबली. तिने मागे वळून पाहिलं. तिच्या मागच्याच माणसाच्या हातातही ताट होतं आणि बाहीवर तीन पट्ट्या होत्या.

"कुरुता."

"हो, अफांडे!"

"समुद्रावरची ना तू?"

"पांगानीची, अफांडे."

"तिकडे भाषा शुद्ध असते म्हणतात."

"असते, अफांडे." मग घाईने, "म्हणजे इथेही आहे, अफांडे."

"ताट खाली ठेव. मैदानाला दहा फेऱ्या. शुद्ध भाषेत मोजत."

तिने मारल्या. अकरावीच्या तयारीत परत आली तेव्हा उगाली थंड झाली होती, पण त्यावर दुसरं ताट पालथं घातलेलं होतं. ते कुणी घातलं हे तिला कळलं नाही. न्दाहानीनेही कधी सांगितलं नाही.

*

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यातला गुरुवार. त्या दिवशी न्दाहानीच्या हाताखाली एक्केचाळीस कुरुता होते. नकाशा वाचत चालत जायचं, खडकाळ टेकडी ओलांडायची आणि चार वाजता पलीकडे लुहेंदेचा ट्रक पाण्याचं पिंप घेऊन उभा असेल तिथे पोचायचं, असा सराव होता. दोन वाजता ते कोरड्या नदीच्या वाळूपाशी आले. ऊन असं होतं, की बुटाच्या तळातून वाळू भाजत होती.

पुढे घळीतून वर चढणारी वाट. ती आधी बघून यायची तर दोघांनी जायचं, असा नियम आणि तो शिकवणारा न्दाहानीच. पण सकाळपासून गुडघा सुजत चालला होता. चढावर पाय ओढावा लागणार आणि सोबत कुणी असेल तर त्याला ते दिसणार. त्याने सगळ्यांना दोन रांगांत उभं केलं.

"मी वाट बघून येतो. येईपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही. पाणी घोटभर. समजलं?"

"हो, अफांडे!"

"जिपांगे," तो सवयीने म्हणाला आणि एकटा निघाला.

वळणाआड गेल्यावर त्याने लंगडायला सुरुवात केली. इतका वेळ दाबून धरलेलं लंगडणं सोडताना त्याला जवळजवळ बरं वाटलं. वीस मिनिटं तो चढला. मग एका खडकावरून दुसऱ्यावर पाय टाकताना गुडघा आतल्या बाजूला वळला, काहीतरी सटकल्यासारखं झालं आणि तो दहाएक फूट घसरत दोन दगडांच्या फटीत जाऊन अडकला. फोन खिशात होता, पण त्या घळीत त्याचा उपयोग नव्हता. गळ्यात शिट्टी होती. त्याने ती वाजवली.

खाली कुणी हललं नाही. हलणार कसं? पहिल्या आठवड्यात त्यानेच बजावलं होतं, की शिट्टी कुणीही वाजवतं, आपण तोंडी हुकमावर हलायचं. मागे एका तुकडीत कुणा टवाळाने शिट्टी मारून अख्खी पलटण पळवली होती, तेव्हापासूनचा तो नियम.

पहिल्यांदा त्याला अभिमान वाटला. शाबास, तो मनात म्हणाला. पाऊण तास गेला. दगड तापून अंगाला चटके बसू लागले, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की तो निदान सावलीच्या कडेला तरी आहे. ते एक्केचाळीस उघड्या वाळूत उभे आहेत, घोटभर पाण्यावर, त्याच्या शब्दावर. चोवीस तुकड्यांना त्याने न हलायला शिकवलं होतं. त्याने पुन्हा शिट्टी फुंकली, पण तोंडात थुंकी उरली नव्हती. नुसती हवा गेली.

आणखी काही वेळाने वरून खडे घरंगळले. काठावर भादरलेलं डोकं दिसलं.

"अफांडे?"

तो जिवंत सापडला होता, पाय मोडला होता की काय कळत नव्हतं, आणि तोंडातून पहिलं वाक्य आलं ते, "रांग का सोडलीस?"

"हुकूम होता, अफांडे."

"हलू नका म्हणालो होतो मी!"

"ते आधी. नंतर तुम्ही जिपांगे म्हणालात. एकाला." सिकुधानी धापा टाकत खाली उतरत होती. "मी म्हटलं, मलाच म्हणत असतील, तुझं तू बघ."

"बाकीचे?"

"दोघं चक्कर येऊन पडले. त्यांना गोरखचिंचेच्या सावलीला नेलं, डोक्यावर ओले रुमाल ठेवलेत. बाकीचे उभेच आहेत. मी म्हटलं, सावलीत चला की रे, तर म्हणाले, अफांडे सोलून काढतील."

"आणि तुला नाही काढणार?"

"मला दहा फेऱ्यांची सवय आहे, अफांडे."

तिने त्याची विजार वर सारली आणि थांबली. गुडघ्यावरची पट्टी जुनी होती, कडांना विरलेली. आजची नव्हे, कालचीही नव्हे. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि विजार परत खाली केली. मग त्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला.

खाली यायला तास लागला. वाटेत त्याने स्वतःला हुकूम दिले, उजवा, आता डावा. पण ते मोठ्याने निघत होते आणि प्रत्येक हुकमाला खांद्याखालून उत्तर येत होतं, "हो, अफांडे."

लुहेंदे पलीकडे वाट पाहून ट्रक वळसा घालून घेऊन आला होता. त्याला दिसलं ते असं: दोघं झाडाखाली, अडतीस जण डुलत उभे, एकीचा पत्ता नाही. त्याने सगळ्यांना पाणी पाजलं आणि वही काढली.

*

सरावात रांग सोडून जाणाऱ्याला प्रमाणपत्र न देता घरी पाठवायचं, असा कॅम्पचा नियम होता. ते प्रमाणपत्र नसलं, की पोलीस, जंगलखातं, बंदर, सगळी दारं बंद. शनिवारी मेजरसमोर सुनावणी होती.

लुहेंदे शुक्रवारी दुपारी घरी आला. न्दाहानी पाय उशीवर ठेवून बसला होता. लुहेंदे वाईट माणूस नव्हता. सातव्या तुकडीतला, न्दाहानीनेच घडवलेला.

"मी लिहिलंय, दगड सरकला म्हणून तुम्ही पडलात," तो म्हणाला. "पंधरा दिवस विश्रांती, मग परेडला तुम्हीच. मेजर काही विचारणार नाहीत."

"आणि ती पोरगी?"

"तिने रांग सोडली, अफांडे."

"सोडली नसती तर मी तिथेच सुकलो असतो."

"ते खरंय." लुहेंदेने टोपी हातात फिरवली. "पण जे दिसलं ते लिहायचं, का झालं ते विचारायचं नाही, हे मला तुम्हीच शिकवलंत."

तो गेल्यावर दोरिकाने बूट आणि पॉलिशची पेटी आणून त्याच्या बाजूला ठेवली. पेटीचं झाकण तिने उघडलं नाही.

"ती घरी जाऊन काय करील?" तिने विचारलं.

"मासे सुकवील."

"हं."

त्याने ब्रश हातात घेतला. मग म्हणाला, "मी आलो तेव्हा मला स्वाहिली धड येत नव्हती, माहितेय ना? मैदानात काय ओरडतात ते कळायचं नाही. शेजारचा करील ते करायचो, एक क्षण उशिरा. रोज मार. एका संध्याकाळी सगळे गेल्यावर अफांडे सिम्वांझाने मला एकट्याला थांबवलं. शेजाऱ्याकडे बघायचं बंद कर, म्हणाला. आणि जिपांगे म्हणाला. एवढ्या मोठ्या मैदानावर मी एकटा. मी एकट्याने रांग लावली."

"एकट्याची रांग?"

"हसू नकोस. लागते. त्या दिवसापासून मला वाटलं, हुकूम असाच असतो."

"म्हणजे चोवीस तुकड्या तुम्ही चुकीचं बोललात आणि तुम्हाला ठाऊकच नव्हतं?"

"पहिल्या तुकडीतच कळलं होतं. सुधारायला गेलो, तोंडातून येईना. सव्वाशे जणांना एकदम सांगितलं, की प्रत्येकाला वाटतं शेजाऱ्याला सांगितलंय." त्याने ब्रश खाली ठेवला. "मग कधीतरी मीच विसरलो, की का म्हणत होतो. नुसता ओरडत राहिलो. थकलोय मी, दोरिका."

"माहितेय," ती म्हणाली. "बूट आणा इकडे, डावा मी करते."

*

मेजर न्यामहांगांच्या टेबलासमोर सिकुधानी ताठ उभी होती. लुहेंदेने वहीतलं वाचून दाखवलं.

"काही सांगायचंय?" मेजरनी विचारलं.

"मी रांग सोडली, सर."

"का?"

जिपांगेचं ती काहीच बोलली नाही. सांगितलं असतं तर टेबलामागचे दोघे कारकून हसले असते, तिला नव्हे, न्दाहानीला. जुन्या पट्टीचंही ती बोलली नाही. न्दाहानी काठीवर भार देऊन बाजूला उभा होता. उगालीच्या रांगेत सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलणारी मुलगी आज त्याच्यासाठी तोंड मिटून आहे आणि त्यापायी सगळं घालवायला निघाली आहे, हे त्याला दिसलं. जिपांगे, न्दाहानी, तो मनात म्हणाला.

त्याने खिशातून चिठ्ठी काढली. तिला पॉलिशचा काळा डाग पडला होता. पुढे होऊन त्याने ती टेबलावर ठेवली.

मेजरनी वाचली. "एप्रिल," ते म्हणाले. "आता ऑक्टोबर चालू आहे, सार्जंट."

"हो, सर. दगड सरकला नाही. गुडघा गेला. एकट्याने जायचं नसतं, मी गेलो, कारण सोबत कुणी असतं तर हे कळलं असतं. रांगेला उन्हात मी उभं केलं. हिने माझाच हुकूम पाळला, सर. बाकीच्यांनी अर्धा पाळला."

"हे दाखवलं नसतंत तर परेडला उभे राहिला असता."

"एका पायावर, सर."

मेजर हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. त्यांच्यापुढे त्या दिवशी अशी सहा प्रकरणं होती.

निकाल दोन ओळींचा झाला. सिकुधानीवरचा आरोप रद्द, मात्र शेजाऱ्याला न सांगता गेल्याबद्दल सात दिवस स्वयंपाकघरात पातेली घासायची. न्दाहानीला प्रशिक्षणातून कमी करून डिसेंबरपर्यंत कोठारात. आजार लपवल्याचा शेरा नोकरीच्या पुस्तकात. एकतीस वर्षांच्या कोऱ्या पानांवरचा तो पहिला शेरा. लुहेंदेनेच तो लिहिला, सुवाच्य अक्षरात.

*

परेडच्या सकाळी न्दाहानी कोठाराच्या ओट्यावर खुर्चीत बसला होता. कुंपणापलीकडे मैदानाचा एक तुकडा दिसत होता.

"जिपांगेनी!" लुहेंदे ओरडला. शुद्ध, स्पष्ट. रांग झटकन लागली. चांगली लागली. न्दाहानीने ब्लँकेटची घडी उलगडली आणि परत घातली.

दुपारी एकेक जण सरकारी सामान जमा करायला आला. आता ते कुरुता नव्हते, प्रत्येकाच्या काखेत प्रमाणपत्राची गुंडाळी होती. सिकुधानी आली. ब्लँकेट, ताट, पेला.

"चमचा?"

"हरवला, अफांडे."

"दहा फेऱ्या."

"शुद्ध भाषेत?"

त्याच्या तोंडाचा एक कोपरा हलला. ती जायला वळली, मग थांबली.

"अफांडे, त्या दिवशी नदीत... जिपांगे मला म्हणाला होतात ना?"

खोटं बोलणं सोपं होतं. तिला आवडलंही असतं.

"नाही," तो म्हणाला. "कुणालाच नाही. सवयीने म्हणालो."

तिने जरा विचार केला. "बरं झालं मला माहीत नव्हतं," ती म्हणाली, आणि टाचा जुळवून अशी सलामी ठोकली, की ओट्यावरची धूळ उडाली. त्याला उठून उत्तर द्यायला वेळ लागला. ती तेवढा वेळ हात कपाळाला लावून उभी राहिली.

त्या महिन्याच्या शेवटी तो फाटकाबाहेर पडला, काठी घेऊन, लंगडत, सगळ्यांदेखत.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला त्याचे डोळे उघडले.

"न्दाहानी, ऊठ," तो म्हणाला. या वेळी मोठ्याने.

"कुणाला उठवताय आता?" दोरिका पांघरुणातून म्हणाली. "संपला की कॅम्प."

"एक कुरुता उरलाय."

"कसा आहे?"

"म्हातारा. आळशी. ऐकत नाही."

"पडू द्या मग त्याला जरा."

त्याने उजवा पाय खाली ठेवला. मग पलंगाच्या कडेला बसून तो डाव्याची वाट पाहू लागला. आज घाई नव्हती.